थेंब चोरीला गेला

१

बादली कोरडी होती.

टीसीबाईंनी आधी डोळे चोळले, मग चष्मा लावला, आणि तरीही विश्वास बसेना तेव्हा वाकून बादलीच्या तळाला बोट लावले. बोट कोरडेच वर आले. त्यांनी छताकडे पाहिले. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, नातीच्या पलंगाच्या उशाशी, छतावर तो ओळखीचा पिवळा डाग होता, गिलाव्याचे पोपडे होते, मधोमध बारीक भेग होती. फक्त त्या भेगेतून पडणारा थेंब नव्हता.

दोन वर्षे हा थेंब पडत होता. पाहुण्यांसमोर पडला, आजारपणात पडला, घरात कुणी नसतानाही इमानेइतबारे पडला. त्याच्या ओलीने नातीला धाप लागायला लागली होती. औषध कितीही द्या, खोलीतली ओल गेल्याशिवाय पोरीची छाती सुधारायची नाही, असे डॉक्टरांनी तोंडावर सांगितले होते.

घर भाड्याचे, आणि घरमालक म्हणजे गृहनिर्माण मंडळ. मंडळाच्या घरात खिळा ठोकायचा तरी मंडळाला विचारावे लागे, न विचारता काही बदलले आणि त्याने नुकसान झाले तर घरच काढून घेत. दुरुस्ती हवी असेल तर मंडळाचा ओव्हरसियर स्वतः येऊन पाहून जाई, आणि खरी मेख इथेच होती. गळती त्याला चालू दिसली पाहिजे. डाग चालत नसे, कारण डाग जुना असू शकतो. फोटो चालत नसे, कारण फोटो दुसऱ्याच घरचा असू शकतो. थेंब साहेबांच्या डोळ्यांदेखत पडला तर दुरुस्ती मंजूर, नाही तर तक्रार निकाली आणि माणूस पुन्हा रांगेच्या शेपटाला.

ते ओव्हरसियरसाहेब आज दुपारी येणार होते.

"सूनबाई," टीसीबाईंनी हाक मारली, "इकडे ये. चोरी झालीय."

सून नर्स होती. आजच्या पाहणीसाठी तिने मुद्दाम रजा काढली होती. ती धावत आली, बादलीत डोकावली आणि मटकन पलंगावर बसली. "असं कसं होईल आई? काल संध्याकाळी तर धार लागली होती. मी अर्धी भरलेली बादली ओतली."

"तेच म्हणते मी. काल धार आणि आज टिपूस नाही. म्हणजे कुणीतरी हात मारला."

"कुणी?"

टीसीबाईंनी बोट वर केले. त्यांचा रोख छताकडे नव्हता, छताच्या वर राहणाऱ्याकडे होता.

वर चष्मेवाले राहत. चष्म्याचे दुकान कधीच मुलाच्या हवाली करून एकटेच राहणारा गृहस्थ, अंगाने किडकिडीत आणि जिभेने तिखट. त्यांनी मंडळाला न विचारता बाथरूमला नव्या फरश्या बसवल्या आणि त्यानंतर गळती सुरू झाली, असे टीसीबाईंचे म्हणणे. गळती मंडळाच्या सडक्या पाइपाची आहे, असे चष्मेवाल्यांचे म्हणणे. यावरून दोघांचे बोलणे बंद झाले होते. बोलणे बंद, भांडण मात्र चालू. खालून जरा भांडे वाजले की चष्मेवाले वरून पाय आपटत. वरून खुर्ची सरकली की टीसीबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकत. एकाने ठोकले की दुसऱ्याने ठोकायचेच, असा नेम होऊन बसला होता.

आणि काल संध्याकाळी वरून बराच वेळ ठकठक चालली होती. थांबून थांबून, पाइपावर काहीतरी आपटल्यासारखी. नातीला दवाखान्यातून आणून टीसीबाई नुकत्या टेकल्या होत्या. डोके आधीच उठले होते. त्यांनी दांडा उलटा धरून छताला असे काही रट्टे दिले की वरची ठकठक गप्प झाली.

"आता कळलं कसली ठकठक होती ती," टीसीबाई म्हणाल्या. "गुपचूप दुरुस्ती करून घेतली त्याने. साहेब यायच्या आत पुरावा साफ."

त्यांनी पदर खोचला. त्या माणसाच्या दारात पाऊल ठेवणार नाही, असे त्यांनी चारचौघांत जाहीर केले होते. पण चोराच्या दारात जायला काही हरकत नव्हती.

२

टीसीबाईंची उभी हयात आगगाडीत तिकिटे तपासण्यात गेली होती. तिकीट हातात घेण्याआधी त्या चेहरा वाचत. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी इमारतीत कुणी नवा माणूस जिना चढू लागला की त्यांचा उजवा हात आपोआप पुढे होई.

चष्मेवाल्यांच्या दारात त्या उभ्या राहिल्या तेव्हा आत रेडिओ जोरात वाजत होता. म्हणजे स्वारी घरातच होती. त्यांनी बेल दाबली. मग दार वाजवले, मग थडाथडा वाजवले. दाराची चौकट वाळवीने पोखरली होती. प्रत्येक धक्क्याला तिच्यातून पिवळा भुगा गळे. या चौकटीची तक्रार चष्मेवाल्यांनी टीसीबाईंच्याही आधी केली होती, आणि तीही मंडळाच्या कृपेची वाट पाहत पडून होती.

"चष्मेवाले, दार उघडा. मला सगळं कळलंय."

आत कुणी बाई निवांतपणे केसांची निगा कशी राखावी हे सांगत होती. दार उघडले नाही.

"तोंड लपवून किती दिवस बसाल? साहेब दुपारी येतायत. मी त्यांना इथे घेऊन येणार, फरश्या उखडायला लावणार."

रेडिओवरच्या बाईने केसांना कोमट तेल लावायला सांगितले.

टीसीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल रात्रीही हा रेडिओ असाच ठणाणा करत होता, आणि तोही विजेच्या दिव्याखाली वाचायला जिवावर येणाऱ्या या चिक्कू माणसाचा. आपल्याला झोप लागू नये म्हणूनच तो खर्च करत असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांनी शेवटचा धक्का दिला. चौकट करकरली, भुगा त्यांच्या चपलेवर पडला, आणि त्या पाय आपटत खाली आल्या.

पण निम्मा जिना उतरल्यावर त्या थबकल्या. मागच्याच आठवड्यात त्यांनी हा जिना स्वतः झाडला होता, कारण झाडणारी बाई आली नव्हती. आज पायऱ्यांवर धूळ होती, केस होते, पण सिमेंटचा कण नव्हता, वाळूचा खडा नव्हता. फरशी उखडायची म्हणजे राडारोडा निघणार, आणि तो पोत्यात भरून याच जिन्याने खाली जाणार. पोते कितीही जपून नेले तरी गळतेच.

मग दुरुस्ती झाली कशी?

३

शेजारच्या क्लासवालीच्या घरी नेहमीप्रमाणे पाढे चालू होते. पोरांना पाढे म्हणायला लावून ती दारात आली, आणि टीसीबाईंच्या डोळ्यांत पाहून तिने दार अर्धेच उघडे ठेवले.

टीसीबाईंना ते अर्धे दार खटकले. क्लासवालीच्याही खिडकीची तक्रार मंडळाकडे होती, आणि ती रांगेत टीसीबाईंच्या लगेच मागे होती. पुढचा गळाला की मागचा एक घर पुढे सरकतो, हे इमारतीत शेंबडे पोरही जाणून होते.

"काल दुपारी तू घरी होतीस?"

"घरीच असते मी काकू. जाणार कुठे?"

"वरून काही ऐकलंस?"

क्लासवालीने मागे वळून पोरांना दटावले, मग आवाज खाली आणला. "मी सांगणारच होते, पण तुमच्या दोघांच्या भांडणात मी कशाला पडू? दुपारी धप्पकन आवाज झाला. चांगला मोठा. माझ्याकडची दोन पोरं दचकली. मग भांडं घरंगळल्यासारखं वाजलं. मग थोड्या वेळाने ठकठक सुरू झाली. मला वाटलं, काकांनी गवंडी लावला."

"गवंड्याला पाहिलंस?"

"नाही."

"मग गवंडी कशावरून?"

"ठोकणं म्हटल्यावर गवंडीच येतो डोळ्यापुढे. तुम्हाला नाही वाटलं?"

वाटले होते. टीसीबाईंना ते कबूल करावेसे वाटले नाही. त्यांनी विषय बदलला. "दार अर्धंच का उघडलंस?"

क्लासवाली लाजली. तिने दार पूर्ण उघडले. आत भिंतीला टेकून तिच्या खिडकीची निखळलेली झडप उभी होती, आणि साहेबांना ती अधिक केविलवाणी दिसावी म्हणून क्लासवालीने तिला एका बाजूने पोरांकडून आणखी खिळखिळी करून घेतले होते.

"साहेबांना सांगू नका काकू."

"मी काहीच पाहिलं नाही," टीसीबाई म्हणाल्या. जिच्यावर संशय होता, तिला आपल्याच खिडकीपायी वेळ नव्हता.

आता एकच माणूस उरला होता. इमारतीत कोण शिरले, कोण गेले हे ठाऊक असणारा, आणि पाण्याच्या साऱ्या चाव्या ज्याच्या हातात होत्या तो.

४

केअरटेकर तळमजल्यावरच्या जिन्याखाली पाठमोरा उभा होता. टीसीबाईंची चाहूल लागताच त्याने दोन्ही हात मागे लपवले.

"दाखव," टीसीबाई म्हणाल्या.

"काय?"

"हात."

बिनतिकीट प्रवाशाने खिसे चाचपावेत तसा तो जरा घुटमळला, मग त्याने हात पुढे केले. कोपरापर्यंत पांढरे. त्यांनी त्याच्या तळहातावर बोट घासले, नाकाशी नेले, आणि त्यांचा चेहरा पडला. हा चुना होता. सिमेंट राखाडी असते.

"साहेब येणार म्हणून जिन्यातले डाग पुसतोय हो," केअरटेकर रडकुंडीला आला. "ओल दिसली की मलाच झापतात. जसं काय मीच भिंतीत पाणी ओततो."

"काल कुणी गवंडी, प्लंबर वर गेला?"

"कुणी नाही. दिवसभर मी इथेच चुना कालवत होतो. माशी गेली असती तर दिसली असती."

"वरच्या नळाची चावी तू बंद केलीस? चष्मेवाल्यांचं पाणी?"

"कशाला करू? ते मला फाडून खातील. पाणी चालू आहे. हवं तर चला, चाव्या दाखवतो."

टीसीबाईंनी त्याचा चेहरा नीट वाचला. घाबरलेला होता, पण खोटा नव्हता. इतक्या वर्षांत त्यांनी हा फरक करायला शिकून घेतले होते.

"आणि चष्मेवाले? ते खाली आले होते?"

केअरटेकरने डोके खाजवले, आणि कपाळालाही चुना लागला. "काल सकाळी दिसले. त्यानंतर... नाही बुवा. आज फिरायलाही नाही गेले. पण रेडिओ वाजतोय की."

म्हणजे गवंडी आला नव्हता. राडारोडा निघाला नव्हता. पाणी बंद केले नव्हते. चष्मेवाले घरात होते, रेडिओ ऐकत होते. तरीही दोन वर्षे न थांबलेला थेंब थांबला होता. टीसीबाई जिना चढू लागल्या. कुठेतरी पाणी मुरत होते, आणि नेमके आपल्या छतात मुरत नव्हते, याची त्यांना चीड आली.

त्यांच्या दारात धुळीने पांढरे झालेले बूट उतरवून ठेवले होते. साहेब वेळेआधीच आले होते.

५

ओव्हरसियर तरुण होता, सभ्य होता, आणि नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकायला तयार नव्हता. सुनेने त्याला आतल्या खोलीत नेले होते. तो स्टुलावर चढून भेगेत टॉर्च मारत होता.

"डाग आहे," तो म्हणाला.

"डाग आहेच," सून म्हणाली, "पण पाणीही पडतं. कालपर्यंत पडत होतं. माझ्या मुलीला धाप लागते हो साहेब. तुम्ही तिची औषधं बघा, तिचं अंथरूण बघा, हात लावून बघा किती गार आहे."

"मी समजू शकतो, ताई. पण मला आज जे दिसतं तेच लिहावं लागतं." त्याने खिशातून लहान हातोडी काढली. "गिलावा पोकळ आहे का तेवढं बघतो."

सुनेच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. इतके महिने धरलेला धीर या एका कोरड्या बादलीपायी सुटत होता. टीसीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आपण हरलो असे त्यांना त्या क्षणी खरेच वाटले.

ओव्हरसियरने छताला हातोडी मारली. ठक. ठक. ठक.

टीसीबाईंनी सवयीने मान वर केली. आता वरून पाय आपटला जाणार. त्या वाट पाहत राहिल्या.

ओव्हरसियरने पुन्हा ठोकले, या वेळी जोरात. पोपडा निखळून बादलीत पडला. वरती रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होते. पाय आपटला गेला नाही.

"पुन्हा ठोका," टीसीबाई म्हणाल्या.

"काय?"

"मी सांगते म्हणून ठोका. जोरात."

त्याने गोंधळून ठोकले. हवामानाचा आवाज ना वाढला, ना कमी झाला. टीसीबाईंचा चेहरा पांढरा पडला.

आगगाडीत तिकीट नसलेला माणूस झोपेचे सोंग घेतो. हाक मारली की खरा झोपलेला एक तर हलत नाही, नाही तर दचकून उठतो. सोंग घेतलेला मात्र श्वास रोखून कान देतो. दाराआड लपलेल्या माणसाचेही तसेच. बाहेर कुणी आपल्या नावाने शंख करत असेल तर तो रेडिओ बारीक करून ऐकतो, नाही तर खुन्नस म्हणून मोठा करतो. सकाळी त्यांनी दारावर एवढा दंगा घातला, आणि केसांना तेल लावायला सांगणाऱ्या बाईचा आवाज तसूभर हलला नव्हता.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तुझी औषधांची पेटी घे. वर चल."

"काय झालं आई?"

"आपला थेंब कुणी चोरला नाही गं. तो माणूस पडलाय."

६

"एक मिनिट," ओव्हरसियर मागून जिना चढत म्हणाला. "मला अजून चार घरं बघायची आहेत. तुम्ही अशा निघून गेलात तर मी गळती आढळली नाही असं लिहून जाईन."

"लिहा," टीसीबाई मागे न बघता म्हणाल्या.

सून क्षणभर थांबली. तिने ओव्हरसियरच्या हातातल्या पेनाकडे पाहिले, मग सासूकडे, आणि पेटी छातीशी धरून ती दोन दोन पायऱ्या चढू लागली. गडबड ऐकून क्लासवाली बाहेर आली. चुन्याच्या हातांनी केअरटेकरही धावत आला.

"पण कशावरून म्हणता?" ओव्हरसियर अजून मागे होताच.

टीसीबाई चढता चढता बोलत होत्या, धापा टाकत, एकेक तिकीट तपासल्यासारख्या. "काल दुपारी वरती धप्पकन आवाज झाला, भांडं घरंगळलं. हिने ऐकलं. संध्याकाळी आमच्याकडे धार लागली. कारण त्यांच्या बाथरूममध्ये भरलेली बादली लवंडली. ते सगळं पाणी एकदम खाली उतरलं आणि संपलं. त्यानंतर वरती कुणी नळ सोडलाच नाही. ना अंघोळ, ना भांडी. सोडला असता तर आज थेंब पडला असता. जिवंत माणूस घरात आहे आणि कालपासून पाणी वापरत नाही, असं होतं का साहेब?"

"ते बाहेरगावी गेले असतील."

"रेडिओ चालू ठेवून? दिवा लागला तरी जीव तुटतो त्यांचा. काल रात्रभर वाजत होता. मी समजले माझ्यावर सूड. बंद करायला उठता येत नव्हतं त्यांना."

"आणि ठकठक?" क्लासवालीने विचारले.

टीसीबाई दारापाशी पोचल्या होत्या. ठकठक कशाची होती हे त्यांना आता पुरते कळले होते, आणि आपण तिला काय उत्तर दिले तेही आठवत होते.

केअरटेकरने दाराला हात लावला. "आतून कडी आहे. तोडायला लागेल. पण हे दार मंडळाचं आहे टीसीबाई. मंडळाच्या परवानगीशिवाय तोडलं तर माझी नोकरी गेली."

सगळ्यांनी वळून ओव्हरसियरकडे पाहिले.

"तुम्ही मंडळ ना?" टीसीबाई म्हणाल्या. "मग द्या परवानगी."

ओव्हरसियरने एकदा दाराकडे पाहिले. त्याच्या कपाळावर घाम होता. आत पावसाची शक्यता नाही असे कुणी सांगत होते. त्याने पेन खिशात टाकले, बाह्या सरसावल्या आणि केअरटेकरला म्हणाला, "तू खालून रेट, मी वरून."

दुसऱ्या धक्क्याला वाळवीने खाल्लेली चौकट भुस्सकन कोसळली. मंडळाने ती वेळेवर दुरुस्त केली असती तर त्यांना अर्धा तास कुऱ्हाड शोधावी लागली असती.

७

चष्मेवाले बाथरूमच्या नव्या फरशीवर आडवे पडले होते. एक पाय विचित्र कोनात वळलेला, ओठ फुटलेले, अंग बर्फासारखे. लवंडलेली बादली कोपऱ्यात होती, तांब्या हाताच्या जरासा पलीकडे. नळ डोक्याच्या वर होता आणि त्यांचा हात तिथपर्यंत पोचत नव्हता.

"हलवू नका," सून म्हणाली. आता ती कुणाची सून नव्हती, ड्यूटीवरची नर्स होती. तिने नाडी धरली, डोळे पाहिले. "आहेत. शुद्धीत आहेत. खुब्याचं हाड गेलंय बहुतेक. ॲम्ब्युलन्स बोलवा. आणि कुणीतरी तो रेडिओ बंद करा."

केअरटेकरने रेडिओ बंद केला. इतक्या आवाजानंतर घर एकदम शांत झाले, आणि त्या शांततेत टीसीबाईंचा जीव भांड्यात पडला. सुनेने नळ सोडून फडके ओले केले, चष्मेवाल्यांचे ओठ पुसले, चेहरा पुसला. नळ तसाच वाहत राहिला. तो बंद करायचे कुणालाच सुचले नाही.

स्ट्रेचर आणले तेव्हा जिन्याच्या वळणावर ते क्षणभर थांबवावे लागले. टीसीबाई भिंतीला चिकटून उभ्या होत्या. चष्मेवाल्यांनी डोळे उघडले.

"बाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उशीर केलात."

टीसीबाईंना वाटले, गप्प राहावे, पण राहवेना. "अहो, काल तुम्ही ठोकत होतात ना, तेव्हा मी वर यायला हवं होतं. मी रागाने उलट ठोकलं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम त्रास देताय. मला माफ करा."

"तुम्ही ठोकलंत म्हणून तर मी थांबलो," चष्मेवाले म्हणाले. "म्हटलं, चला, बाईंना ऐकू गेलं."

"पण तो राग होता हो. मी मदतीला नव्हते ठोकत."

"ते कळलं मला. पण एवढ्या रागावलेल्या बाई भांडायला वर आल्याशिवाय राहतील का? तेवढ्या भरवशावर रात्र काढली." त्यांनी डोळे मिटले. "सकाळी आलातही. काय काय बोललात दारात. मला आवाज फुटेना, नाही तर एकेका शब्दाला उत्तर दिलं असतं."

स्ट्रेचर खाली गेले. टीसीबाई पदर डोळ्यांना लावून उभ्या राहिल्या.

शेवटी त्या घरी आल्या तेव्हा ओव्हरसियर आतल्या खोलीत स्टुलावर बसला होता. त्याने बोटाने गप्प राहायची खूण केली आणि छत दाखवले. भेगेत काहीतरी चमकले, फुगले, लोंबले आणि सुटले. ते थेट त्याच्या टकलाच्या सुरुवातीवर पडले. त्याने ते पुसले नाही, पेन काढले. "गळती चालू आढळली," तो म्हणाला.

दुरुस्ती झाली. फरश्या उखडल्यावर खाली मंडळाचाच गंजलेला पाइप निघाला, त्यामुळे चष्मेवाल्यांचे घरही राहिले आणि म्हणणेही खरे ठरले, आणि ते त्यांनी टीसीबाईंना काठी टेकत खाली येऊन दोनदा ऐकवले. छताला नवा गिलावा लागला. नातीचा पलंग पुन्हा कोपऱ्यात गेला, आणि हळूहळू तिची धाप कमी झाली.

फक्त टीसीबाईंना ती शांतता सोसेना. थेंब होता तोपर्यंत वरचा माणूस उठला, नाहला, चूळ भरली, सगळे आपोआप कळत होते. आता काहीच कळत नव्हते. एका सकाळी त्यांनी झाडू उलटा धरला आणि नव्या गिलाव्याला धक्का लागू नये म्हणून दांड्याला फडके गुंडाळून छत हळूच ठोकले.

वरून पाय आपटला गेला. लगेच, आणि चांगला जोरात.

"मेला सुधारायचा नाही," टीसीबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. त्या दिवसापासून त्यांचा चहा वरून पाय आपटल्याशिवाय कधी चुलीवर चढला नाही.